रुग्णऋण

ज्ञानाची उपासना ही स्वतःच एक पुण्यकृति आहे, तिला दुसऱ्या कोणत्याही प्रयोजनाची जरूरी नाहीं, असें मानणारे लोक आपल्यांत पुष्कळ आहेत, आणि आम्हीही आजवर स्वतःस त्यांच्यांतच गणीत आलों आहों. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं जो एक वाद झाला, त्यानें या समजुतीचा आम्हांस पुन्हां एकदां विचार करावयास लावलें. वाद ज्यांच्यामध्यें झाला ते दोघेही आमचे जुने स्नेही. एक विदर्भांतील एका विद्यापीठांत जीवशास्त्राचे अध्यापक आहेत. दुसरे गडचिरोलीकडे बरींच वर्षें वैद्यकीचा व्यवसाय करीत असलेले डॉक्टर. अध्यापकांनीं आपल्या विद्यापीठांत ‘जनुक-नियंत्रण आणि रोग’ या विषयाचें एक संशोधन-केंद्र उभारण्याची योजना तयार केली होती, आणि ती ते मोठ्या उत्साहानें आम्हांस वाचून दाखवीत होते. इमारतीचा नकाशा, यंत्रांची यादी, संशोधकांच्या जागा, सर्व कांहीं तींत होतें. डॉक्टरांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें, आणि मग एवढेंच विचारलें, “प्रोफेसरसाहेब, आमच्याकडे सिकलसेलचीं मुलें दुखण्यानें रात्रभर विव्हळत असतात. गोळी असते तेव्हां सलाईन लावायला माणूस नसतो, आणि माणूस असतो तेव्हां गोळी संपलेली असते. त्या मुलांच्या आयांना मी तुमच्या या इमारतीबद्दल काय सांगूं?”

“हें सगळें उद्यांच्या मुलांसाठीं आहे,” अध्यापक म्हणाले.

“आणि आजचीं?”

यावर अध्यापक कांहीं बोलले नाहींत. पाऊस थांबल्यावर दोघेही आपापल्या वाटेनें गेले. परंतु तो प्रश्न मात्र आमच्या घरीं राहिला. ज्या समाजांत आजचा रोगी औषधावांचून तळमळत आहे, त्या समाजानें शंभर वर्षांनीं फळ देईल किंवा देणारही नाहीं अशा विद्येसाठीं मंदिर बांधावें काय? आणि बांधलेंच, तर तें कोणाच्या ऋणांत बांधलें जातें? प्रस्तुत निबंधांत या दोन प्रश्नांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय कांहीं वाचकांस अपरिचित असण्याचा संभव असल्यामुळें तो प्रथम थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. आपल्या शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशींत जनुकांचा एकच संपूर्ण ग्रंथ असतो. त्यांत प्रथिनें कशीं बनवावींत हें सांगणारीं सुमारें २० हजार जनुकें आहेत. तरी यकृताची पेशी यकृताचेंच काम करते आणि डोळ्याची डोळ्याचेंच. हें कसें होतें? आपल्याकडे घरोघर एकच पंचांग असतें. पण ज्या घरीं लग्न ठरलें आहे तेथें मुहूर्ताचें पान उघडलें जातें, शेतकऱ्याच्या घरीं मृगाचें आणि आर्द्रेचें, आणि एखाद्या आजीबाईंच्या हातीं एकादशीचें. ग्रंथ तोच, कोणतें पान कोणीं, केव्हां उघडावयाचें एवढाच काय तो फरक. पेशींमध्यें हीं पानें उघडण्याची आणि मिटण्याची जी व्यवस्था आहे तिलाच जनुक-नियंत्रण म्हणतात. प्रथिनांचा प्रत्यक्ष पाठ या ग्रंथाच्या शेंकडा दोनहूनही कमी मजकुरांत आहे. उरलेल्या अफाट मजकुरांत ही उघडझांक सांगणाऱ्या सूचना विखुरलेल्या आहेत, आणि आज असें दिसून येत आहे कीं अनेक रोगांचें मूळ पाठाच्या अशुद्धींत नसून या सूचनांच्या बिघाडांत असतें.

डॉक्टरांनीं ज्या रोगाचें नांव घेतलें त्याचाच इतिहास आपण पाहूं. कारण जनुक-नियंत्रणाच्या शास्त्राची आणि रोग्याच्या दुःखाची गांठ कशी पडते, किंबहुना ती पडावयास किती काळ लागतो, हें त्याच्याइतकें स्पष्टपणें दुसरें कोणतेंही उदाहरण दाखवीत नाहीं.

या रोगांत प्राणवायु वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या पाठांत एकाच अक्षराची चूक असते. तेवढ्या चुकीमुळें प्राणवायु कमी पडला कीं वाटोळ्या आणि लवचिक असावयाच्या तांबड्या पेशी विळ्याप्रमाणें वांकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडापेराच्या असह्य वेदना सुरू होतात. आईकडून एक आणि बापाकडून एक अशीं दोन्ही सदोष जनुकें आलीं तरच हा रोग होतो. एकच आलें तर माणूस केवळ वाहक राहतो, आणि मलेरियाच्या घातक प्रकारापासून त्याचें कांहींसें रक्षणही होतें. म्हणूनच ज्या अरण्यप्रदेशांत मलेरियाचें ठाणें होतें तेथें हें जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलें. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या भागांतील आदिवासी समाजांत आणि विदर्भांतील इतरही कांहीं समाजांत तें आढळतें तें याच कारणानें.

पाश्चात्य वैद्यकाच्या दप्तरांत या रोगाची पहिली नोंद १९१० सालची आहे. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचें प्रसिद्ध केलें. त्या लेखांत रोग्याचें नांव नाहीं. तो विद्यार्थी वॉल्टर क्लेमेंट नोएल होता, ग्रेनाडा बेटाचा राहणारा, दंतवैद्यकी शिकण्यासाठीं आलेला. तो शिक्षण पुरें करून मायदेशीं परतला, तेथें त्यानें व्यवसाय केला, आणि १९१६ सालीं ऐन तारुण्यांत न्यूमोनियानें मरण पावला. हेरिकचें नांव शास्त्राच्या इतिहासांत तत्काळ नोंदलें गेलें. नोएलचें नांव शोधून काढावयास विसाव्या शतकाची अखेर जवळ यावी लागली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें आम्हांस तिच्याकडे परत यावयाचें आहे.

१९४८ सालीं ब्रुकलिनमधील जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंना असें आढळलें कीं या रोगाचीं अर्भकें जन्मतः निरोगी दिसतात. दुखणें सुरू होतें तें कांहीं महिन्यांनीं. आईच्या पोटांत असतांना मूल निराळ्या प्रकारचें हिमोग्लोबिन वापरतें, तेंच जन्मानंतरही कांहीं काळ त्याचें रक्षण करीत असावें, असें अनुमान त्यांनीं काढलें. पुढच्याच वर्षीं लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं कॅलिफोर्नियांत दाखवून दिलें कीं हा रोग एका रेणूच्या वैगुण्याचा रोग आहे. नंतर केंब्रिज येथें व्हर्नन इंग्रॅम यांनीं १९५७ च्या सुमारास तें वैगुण्य नेमकें कोठें आहे हेंही सांगितलें: हिमोग्लोबिनच्या एका सांखळींतील १४६ दुव्यांपैकीं केवळ सहावा दुवा बदललेला असतो. रोगाचें निदान याहून अधिक सूक्ष्म होणें शक्य नव्हतें. तरी रोग्याच्या खाटेजवळ काय बदललें? जवळजवळ कांहींच नाहीं. मूळ कळलें होतें, पण तेथपर्यंत हात पोंचत नव्हता.

हात पोंचविणारी विद्या भलत्याच ठिकाणीं वाढत होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या पोटमाळ्यांत फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो हे आंतड्यांतील एका साध्या जंतूचा अभ्यास करीत होते. त्यांचा प्रश्न एवढाच कीं दुधांतील साखर मिळाली कीं ती पचविण्याचीं द्रव्यें हा जंतु बनवूं लागतो, आणि ती संपली कीं थांबतो, हें त्याला कळतें कसें? १९६१ सालीं त्यांनीं उत्तर दिलें: जनुकाच्या शेजारीं एक कळ असते आणि ती दाबून ठेवणारें प्रथिन असतें. १९६५ सालीं त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या प्रयोगांत कोणीही रोगी नव्हता; परंतु जनुकाचें पान मिटतां येतें तसें उघडतांही येतें, ही कल्पना तेथूनच जगाला मिळाली.

या कल्पनेनें वॉटसनबाईंच्या जुन्या निरीक्षणाला नवा अर्थ आला. सदोष पान दुरुस्त करतां येत नसेल, तर जन्मानंतर मिटलेलें गर्भावस्थेंतील निर्दोष पान पुन्हां उघडतां येईल काय? तें मिटतें कोण? अनेक देशांतील लोकांच्या जनुकांची तुलना करतां २००७-०८ च्या सुमारास बीसीएल-११ए या जनुकाकडे बोट दाखविलें गेलें, आणि बोस्टन येथें विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं सिद्ध केलें कीं तें पान मिटणारा द्वारपाल हाच. २०१३ सालीं तर असें कळलें कीं या द्वारपालाला केवळ तांबड्या पेशींच्या घराण्यांत कामावर नेमणारी एक छोटी निराळी सूचनाही आहे. तेवढीच खोडली तर इतर पेशींतील त्याचें काम बिघडत नाहीं. आतां प्रश्न राहिला तो खोडावयाचें कशानें. तें हत्यार आणखी तिसऱ्याच ठिकाणाहून आलें. स्पेनमधील सांता पोलाच्या मिठागरांत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या जनुकांत फ्रान्सिस्को मोहिका यांना १९९० नंतरच्या वर्षांत एक चमत्कारिक पुनरावृत्ति दिसली होती. ती त्या जीवांची विषाणूंविरुद्धची ढाल होती असें पुढें कळलें. आणि त्याच ढालीपासून जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शार्पेंतिए यांनीं २०१२ सालीं जनुक कापण्याची कात्री तयार केली. अखेर २०२३ च्या नोव्हेंबरांत ब्रिटनमध्यें आणि डिसेंबरांत अमेरिकेंत, तो द्वारपाल दूर करून गर्भावस्थेंतील पान उघडणाऱ्या उपचारास मान्यता मिळाली. नोएलच्या रक्ताच्या नोंदीपासून यास ११३ वर्षें लागलीं.

आतां या इतिहासावरून डॉक्टरांच्या प्रश्नास काय उत्तर मिळतें? केंद्राचे पुरस्कर्ते बहुधा असें उत्तर देतात: “पाहा, संशोधनानें शेवटीं रोग बरा झालाच, म्हणून आम्हांस पैसे द्या, आम्हीही बरा करूं.” हा युक्तिवाद ऐकावयास गोड असला तरी आमच्या मतें तो अप्रामाणिक आहे. जो इतिहास आपण पाहिला त्यांतील एकही मनुष्य असें वचन देऊं शकला नसता. पोटमाळ्यांतील मोनोला सिकलसेल दिसत नव्हता, मिठागरांतील मोहिकाला कात्री दिसत नव्हती. जें ज्ञान अजून झालेंच नाहीं त्याचें फळ अमुक सालीं, अमुक रोग्यास मिळेल असें लिहून देणें म्हणजे वाण्याच्या दुकानांत पुढच्या वर्षाचा पाऊस विकण्यासारखें आहे. आणि असें खोटें वचन देऊन बांधलेली इमारत दहा वर्षांनीं जेव्हां रिकाम्या हातांनीं उभी राहते, तेव्हां लोकांचा विश्वास केवळ त्या केंद्रावरूनच नव्हे तर सर्व विद्येवरूनच उडतो.

परंतु याच्या उलट जे लोक म्हणतात कीं आधीं सर्व दवाखाने पुरे करा आणि मग काय तें संशोधन करा, त्यांचेंही म्हणणें आम्हांस पटत नाहीं. डॉक्टर आपल्या मुलांना जी गोळी देतात तिचाच विचार करा. हायड्रॉक्सियुरिया हें द्रव्य १८६९ सालीं जर्मनींत प्रथम तयार झालें तें कोणत्याही रोगासाठीं नव्हे. पुढें तें रक्ताच्या कर्करोगावर वापरूं लागले. आणि गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन तें वाढवितें असें आढळल्यावर बऱ्याच चांचण्यांनंतर १९९८ सालीं अमेरिकेंत सिकलसेलच्या प्रौढ रोग्यांसाठीं मान्य झालें. म्हणजे जी गोळी संपल्याची डॉक्टरांची तक्रार आहे, ती गोळीच मुळीं कोणीतरी पूर्वीं ‘मग काय तें’ न म्हणतां केलेल्या संशोधनाची देणगी आहे. आजची सेवा ही कालच्या जिज्ञासेवर जगते. जो समाज जिज्ञासा बंद करून केवळ सेवाच करूं म्हणतो, तो वडिलोपार्जित धान्य खातो आणि पेरीत मात्र नाहीं.

तेव्हां दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे, आणि दोहोंत एकच उणीव आहे. दोघेही या प्रश्नाकडे वांटणीच्या दृष्टीनें पाहतात: एवढा पैसा, त्यांत इकडे किती आणि तिकडे किती. आमच्या मतें हा प्रश्न वांटणीचा नसून ऋणाचा आहे. आपल्या पूर्वजांनीं मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो असें मानिलें: देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें. यांपैकीं ऋषिऋण अध्ययनानें फेडावयाचें असतें. विद्यापीठाचें अस्तित्व या ऋणानें पुरेपूर समर्थनीय ठरतें. ज्यांनीं आम्हांस ज्ञान दिलें त्यांच्या ऋणांतून मुक्त होण्याचा मार्ग तें ज्ञान वाढवून पुढच्यांस देणें हाच होय. त्यास दुसऱ्या उपयुक्ततेची साक्ष लागत नाहीं. पोटमाळ्यांतील ते दोघे हेंच ऋण फेडीत होते, आणि त्यांना कोणीं रोग्याचें नांव घेऊन जाब विचारला असता तर तो अन्याय झाला असता.

परंतु आमच्या स्नेह्यांच्या केंद्राचें नांव केवळ ‘जनुक-नियंत्रण’ असें नाहीं. तें ‘जनुक-नियंत्रण आणि रोग’ असें आहे. हे शेवटचे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. ज्या क्षणीं विद्यापीठ ते आपल्या दारावर कोरतें, त्या क्षणीं तें एका चौथ्या ऋणाची चिठ्ठी लिहून देतें. रोग हा जंतूप्रमाणें कांचेच्या नळींत सांपडत नाहीं. तो कोणाच्या तरी अंगांत असतो. त्याचा अभ्यास करावयाचा म्हणजे कोणाचें तरी रक्त घ्यावयाचें, कोणाच्या तरी घराण्याचा वंशवृक्ष लिहून घ्यावयाचा, कोणत्या तरी आईला तिचीं किती मुलें गेलीं हें विचारावयाचें. हें सर्व देणारा मनुष्य बहुतेक वेळां गरीब असतो, आणि त्याला स्वतःला त्यापासून कांहीं मिळेलच असें नसतें. नोएलनें आपलें रक्त दिलें आणि त्याला औषध तर नाहींच, लेखांत नांवही मिळालें नाहीं. हें ऋण आम्ही रुग्णऋण म्हणतों. ऋषिऋण अध्ययनानें फिटतें. रुग्णऋण केवळ अध्ययनानें फिटत नाहीं.

येथें अशी शंका घेतली जाईल कीं हें ऋण मान्य केल्यास विद्या दासी होईल; प्रत्येक संशोधकास रोग्याला तत्काळ काय मिळालें याचा हिशेब द्यावा लागेल आणि मोठे प्रश्न मागें पडतील. ही शंका खरी आहे, आणि आम्हीं तिचा बराच विचार केला आहे. आमचें उत्तर असें कीं ऋण हें संशोधकानें कोणता प्रश्न विचारावा हें ठरवीत नाहीं. त्यानें ज्यांच्यापासून घेतलें त्यांच्याशीं कसें वागावें एवढेंच ठरवितें. सावकारानें पैसा दिला म्हणून त्यानें शेतांत काय पेरावें हें सांगूं नये; पण पीक आल्यावर दार लावून घेणाऱ्या शेतकऱ्यास कोणी प्रामाणिक म्हणत नाहीं. प्रश्नाचें स्वातंत्र्य आणि वागणुकीचें बंधन हीं एकत्र नांदूं शकतात.

हें बंधन मोडलें म्हणजे काय होतें याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. अमेरिकेंत ग्रँड कॅन्यनच्या दरींत हवासुपाई नांवाची एक लहान जमात राहते. तींत मधुमेह फार. १९९० पासूनच्या कांहीं वर्षांत अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनीं मधुमेहाच्या अभ्यासासाठीं म्हणून त्या लोकांचें रक्त घेतलें. पुढें तेंच रक्त मनोविकारांच्या आणि त्यांचे पूर्वज कोठून आले याच्याही अभ्यासासाठीं वापरलें गेलें. आपण याच दरींत जन्मलों अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना हें नंतर कळलें. वाद न्यायालयांत गेला, आणि २०१० सालीं विद्यापीठानें ७ लक्ष डॉलर देऊन व उरलेलें रक्त परत करून तडजोड केली. त्या संशोधकांचे शास्त्रीय प्रश्न वाईट होते असें कोणी म्हणणार नाहीं. वाईट होतें तें एवढेंच कीं घेतांना सांगितलेलें एक आणि केलेलें दुसरें. आपल्याकडील अरण्यांत सुई घेऊन जाणाऱ्या प्रत्येक विद्यापीठानें ही गोष्ट आधीं वाचावी.

ज्ञानाचें दुसरें संकट त्याहून सूक्ष्म आहे. रोग्यास बरें करण्यापूर्वींच ज्ञान त्याला ओळखूं लागतें. अमेरिकेंत १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत अनेक राज्यांनीं कृष्णवर्णीय लोकांच्या रक्ततपासणीचे सक्तीचे कायदे केले. वाहक आणि रोगी यांतील भेद पुष्कळांस कळत नसल्यामुळें अगदीं निरोगी माणसांनाही नोकरींत व विम्यांत त्रास झाला. आपल्या देशांत १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें सिकलसेल-निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. ७ कोटी लोकांची तपासणी करावी आणि २०४७ पर्यंत हा रोग नाहींसा करावा असा तिचा संकल्प आहे. संकल्प स्तुत्य आहे. पण ज्या समाजांत पत्रिका पाहून मुली नाकारल्या जातात तेथें रक्ताचें कार्ड ही दुसरी पत्रिका होऊन बसावयास वेळ लागत नाहीं. आणि दोष दोघांकडून आलेला असूनही बोल बहुधा सुनेलाच लागतो. ज्या केंद्रानें हें कार्ड लिहिण्याचें ज्ञान निर्माण केलें, त्यानें तें वाचावयास शिकविणारा माणूसही पाठविला पाहिजे.

तिसरें संकट किंमतीचें. जो उपचार २०२३ सालीं मान्य झाला त्याची अमेरिकेंतील किंमत त्या वेळीं २२ लक्ष डॉलर, म्हणजे आपल्या चलनांत १८ कोटी रुपयांहून अधिक, ठरविली गेली. शिवाय त्यासाठीं अस्थिमज्जेंतील पेशी काढून घ्याव्या लागतात, तीव्र औषधांनीं जुनी मज्जा नष्ट करावी लागते, आणि कित्येक आठवडे मोठ्या रुग्णालयांत राहावें लागतें. धंद्यानें त्यांत मोठें भांडवल घातलें आणि जोखीम पत्करली हें खरें. परंतु मूळ ज्ञानाचा बराच भाग सार्वजनिक पैशानें आणि रोग्यांच्या रक्तानें निर्माण झाला होता, हेंही तितकेंच खरें. द्वारपाल सांपडला, पान उघडलें, आणि ज्यांच्या घरांत हा रोग सर्वांत अधिक आहे ते मात्र दाराबाहेरच राहिले. हें पाहून कोणी म्हणेल कीं मग असें ज्ञान हवें कशाला? आम्ही उलट म्हणतों: याच कारणास्तव असें केंद्र आपल्याकडे, रोग्यांच्या शेजारीं हवें. ज्यांना तें ज्ञान स्वस्त झालेलें पाहण्याची खरी निकड आहे, त्यांच्या हातीं तें असल्यावांचून तें स्वस्त होणार नाहीं.

म्हणून आमचा निर्णय असा: केंद्र बांधावें, पण दवाखान्याचा पैसा काढून बांधूं नये, रोग बरा करण्याचें वचन देऊन बांधूं नये, आणि रोग्यांकडे पाठ करून तर मुळींच बांधूं नये. पाठ न करणें ही केवळ काव्यांतली भाषा नाहीं. मुंबईंत परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतच रक्तविकारांचें संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि चंद्रपूरलाही तिनें आपलें केंद्र उघडलें आहे. जागेची ही निवड म्हणजे ऋणाची एक कबुलीच होय. ज्या केंद्राच्या जिन्यावर संशोधक आणि रोगी एकमेकांस रोज भेटतात, तेथें रोग्याचें नांव लेखांत आलें नाहीं तरी संशोधकाच्या मनांतून सहसा जात नाहीं.

हीं मतें आम्हीं अध्यापकांस पत्रानें कळविलीं. महिन्याभरानें त्यांचें उत्तर आलें. त्यांनीं नकाशा पुन्हां काढला आहे. तळमजल्यावर बाह्यरुग्णांसाठीं दोन खोल्या घातल्या आहेत, गोंडी बोलणाऱ्या एका परिचारिकेची जागा धरली आहे, आणि ज्यांचें रक्त घेतलें त्या प्रत्येकास निष्कर्ष त्याच्या भाषेंत सांगण्याचा नियम लिहिला आहे. मात्र एकंदर रक्कम तीच असल्यामुळें जनुकें वाचण्याचें एक मोठें यंत्र यादींतून काढावें लागेल. त्यांच्या समितींतील कित्येकांस तें मान्य नाहीं. यंत्रावांचून केंद्राची गणना दुय्यम दर्जांत होईल अशी त्यांस भीति वाटते. अध्यापकांनीं आमचें मत विचारलें आहे. आम्हीं लिहिलें कीं नमुने दुसरीकडे पाठवून वाचून घेतां येतील, विश्वास दुसरीकडून मागवितां येणार नाहीं, यंत्र काढावें.

तेंच पत्र आम्हीं डॉक्टरांसही दाखविलें. त्यांचें समाधान झालें असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. ते म्हणाले, “खोल्या बांधतील, त्याबद्दल मला शंका नाहीं. दहा वर्षांनीं त्या खोलींत ती परिचारिका बसलेली असेल काय, एवढें त्यांच्याकडून लिहून घ्या.” आम्हांस वाटतें, रोग बरा करण्याचें वचन कोणत्याही विद्यापीठानें देऊं नये हें खरें, पण एवढें वचन त्यास देतां येईल, आणि तें देण्याची तयारी नसेल तर ‘आणि रोग’ हे दोन शब्द दारावर कोरूं नयेत. तसें आम्ही अध्यापकांस पुन्हां लिहिणार आहों.